आधी धुवायचं, मग विचारायचं

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या पाठीमागे मला 'सासूबाई' म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणेनात बापडे. पेटीवर काम शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी हात पुढे करायला लावते. नखं वाढलेली दिसली की नेलकटर देते, अंगठी दिसली की काढून खिशात टाकायला सांगते, मग ती लग्नाची का असेना. एकानं विचारलं, बायकोला काय सांगू? म्हटलं, सांगा, सासूबाईंनी काढायला लावली.

पेटी म्हणजे टेबलभर लांबीचा, जाड पण मऊ अशा पारदर्शक प्लास्टिकचा खोका. आत ऑक्सिजन अजिबात नसतो, नायट्रोजन भरलेला असतो, कारण आत मॅडमचे जंतू राहतात. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. खोल पाण्याच्या तळाशी, गाळात जगणाऱ्या या जंतूंपायी त्यांनी अर्धं आयुष्य घातलंय. आपल्याला जी हवा लागते, ती त्या जंतूंना लागली की ते मरतात. म्हणून माणसानं बाहेर बसायचं आणि फक्त हात आत घालायचे. त्यासाठी पेटीला समोरून दोन बाह्या आहेत. बाहीच्या टोकाला एक कडं आणि कड्यावर ताणून बसवलेला पातळ रबरी हातमोजा. काही आत न्यायचं झालं तर बाजूच्या छोट्या कप्प्यातून. कप्प्याला दोन दारं आहेत, ती दोन्ही एकदम उघडायची नाहीत.

आत डाव्या कोपऱ्यात एक बोटभर बाटली ठेवलेली असते. तिच्यातलं पाणी साध्या पाण्यासारखं दिसलं की सगळं ठीक. कुठून तरी ऑक्सिजन शिरला की ते गुलाबी होतं. आणि गुलाबी झालं की काय करायचं, हे मी सगळ्यांच्या डोक्यात अक्षरशः कुटून बसवलंय. विचारत बसायचं नाही, मला शोधत फिरायचं नाही. आधी धुवायचं, मग विचारायचं. धुवायचं म्हणजे पंप लावून आतला वायू ओढून काढायचा. पेटीच्या भिंती आत ओढल्या जातात, खोका चिपाड होतो. मग झडप उघडून ताजा नायट्रोजन भरायचा की भिंती पुन्हा फुगतात. असं तीनदा. तोवर झडपेवरचा हात काढायचा नाही, भिंतींवरची नजर काढायची नाही, आणि फोन वाजला तर वाजू द्यायचा.

शेवटचा धडा नायट्रोजनचा. तो गळून खोलीत साठला तर गुदमरल्यासारखं वाटेल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. छाती भरते, रिकामी होते, जीव घाबरा होत नाही. माणूस वर सांगतो की मला काही त्रास नाही, आणि बसल्या जागी संपतो. म्हणून ऑक्सिजन कमी झाल्याचा भिंतीवरचा भोंगा वाजला की आपल्याला बरं वाटतंय की नाही हे बघू नका, बाहेर पळा. हे ऐकताना सगळे माना डोलावतात आणि विसरतात. न विसरणारा एकच माणूस आमच्याकडे आहे. पेटीवर माझ्याबरोबर आलटून पालटून बसणारे एक संशोधक आहेत, पन्नाशीला टेकलेले. त्यांना सगळे 'तंतोतंत' म्हणतात. चहात साखर घालतानाही ते चमचा बोटानं सपाट करतात. मी एकदा सांगितलेलं वाक्य त्यांच्याकडून तसंच्या तसं परत ऐकायला मिळतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता.

त्या दिवसांत घरी आईची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी मला आणि दादाला दाराबाहेर घेऊन सांगितलं होतं, की ती पुन्हा मऊ होत नाहीत, आता फक्त सांभाळायचं. दादा माझा थोरला भाऊ. रात्रपाळीला गाडी चालवतो, म्हणून दिवसा आईजवळ तो आणि रात्री मी. आईच्या नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं, बोटाला चिमटा लावलेला. चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसे. तो आकडा खाली आला की आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. मला फक्त एवढंच हवं होतं की तिचा श्वास चालू राहावा. तिला काय हवं होतं ते तिनं एकदाच सांगितलं.

"मरणाचं काही नाही गं," ती म्हणाली होती. "पण तडफडून नको."

श्वासाचा व्यायाम म्हणून डॉक्टरांनी तिला फुगे फुगवायला सांगितले होते. आई जन्मभर शिवणकाम केलेली बाई. तिनं फुग्यांचं पाकीट दादाकडे परत फेकलं. कुणाचा वाढदिवस आहे, म्हणाली, मला कामाचं काहीतरी द्या. मला एकदम आठवलं की पेटीचे नवे हातमोजे तपासायचे राहिलेत. त्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, ती फुगवून बघावी लागतात. मी मोज्यांचा खोका घरीच आणला. बाह्या असलेली पेटी म्हटल्यावर आई हसली. म्हणाली, म्हणजे झबलंच की, माझ्याकडून शिवून घ्यायचं होतंत.

आणि मग ती रोज मोजे फुगवू लागली. थांबत थांबत, दम खात. मोजा भरला की तोंडाशी पिळून धरायची आणि डोळे मिटून गालाला लावायची. मला म्हणाली की भोक डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही, गालाला मात्र बरोब्बर कळतं. तिनं काही मोजे बाद केले आणि त्या दिवशी चार घास जास्त खाल्ले. एका मोज्यात तिनं इतका वेळ हवा भरली की मी तिचा हात धरला. तरी तिनं सोडलं नाही. पाचही बोटं टरारून फुगल्यावर मोजा माझ्या मांडीवर ठेवला आणि धापा टाकत म्हणाली, हा चांगला आहे, हा टिकेल. तो मी पेटीच्या डाव्या बाहीला बसवला.

पहिल्यांदा मला जाणवली ती ऊब. रबर नेहमी गार असतं. सुट्टीनंतर सकाळी मी पहिलीच आले होते, दिवे मीच लावले होते. डाव्या मोज्यात हात घातला तर तो कोमट लागला, कोणीतरी नुकताच हात काढून घेतल्यासारखा. उजवा गार होता. मी शहाण्या माणसासारखी खिडकी पाहिली, ऊन कुठे पडतंय ते पाहिलं. ऊन पेटीपर्यंत येत नव्हतं.

मग हलणं. पेटीत दाब किंचित जास्त असतो, त्यामुळे कोणी हात घातलेला नसला की बाह्या बाहेर, खोलीच्या बाजूला उभ्या राहतात. दार उघडलं-मिटलं की त्या थोड्या डुलतात, त्यात नवल नाही. पण आता दार बंद असायचं, पंखा बंद असायचा, आणि उजवी बाही मख्ख उभी असताना डाव्या बाहीचा मोजा हलकेच भरायचा आणि हलकेच सैल पडायचा. भरायचा. सैल पडायचा. मी पेटीच्या सगळ्या शिवणींना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. तंतोतंत माझ्या शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की ताई, मोजा बदलून टाकू या.

मलाही तेच योग्य वाटलं. मोजा बदलायचा तर आधी कड्यात बूच बसवतात, म्हणजे मोज्याचा पेटीशी संबंध तुटतो. दुपारचं जेवण झालं होतं. मी बूच दाबून बसवलं. मोजा लगेच लुळा पडायला हवा होता. तो पडला नाही. त्याची बोटं आखडली, एकदम, मूठ वळावी तशी.

खिशात फोन वाजला. दादा होता.

"लवकर ये," एवढंच तो म्हणाला. मागे आईच्या घशातून येणारा आवाज मला ऐकू येत होता.

अर्धवट काम तसंच टाकून जायचं नाही, ही माझी सवय. मोजा बदलला नव्हता, म्हणून मी बूच काढलं आणि मगच पळत सुटले. घरी पोचले तर आई उशीला टेकून पाणी पीत होती. दादा घामानं भिजला होता. म्हणाला, एकाएकी घसा कोणीतरी दाबून धरल्यासारखं झालं आणि तू फोन ठेवलास न ठेवलास तोच सुटलं.

तरी मी लगेच काही मनावर घेतलं नाही. अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. दुसऱ्या दिवशी खोलीत एकटी असताना दादाला फोन लावला आणि सांगितलं, आईजवळ बस, ती श्वास आत घेईल तेव्हा फक्त 'हं' म्हण. त्यानं मला वेडी ठरवलं, पण बसला. मी फोन टेबलावर ठेवला आणि मोज्याकडे पाहत राहिले.

"हं," दादा म्हणाला. मोजा भरला.

"हं." मोजा भरला.

मग बराच वेळ दादा काही बोलला नाही. मोजाही सैल लोंबत राहिला. पलीकडे आई खोकली, आणि आवाज माझ्यापर्यंत पोचण्याआधी मोज्याची पाचही बोटं थरथरली.

"पुरे का आता?" दादानं विचारलं. मी पुरे म्हणाले.

त्यानंतर त्या मोज्यात मी कोणाला हात घालू दिला नाही. डाव्या बाजूची सगळी कामं मी स्वतःकडे घेतली. तंतोतंतांना उजवीकडून होतील तेवढीच कामं दिली. मी हात घालायची तेव्हा आधी थांबायची, तो सैल पडला की मग बोटं सरकवायची, आणि आत गेल्यावर माझ्या बोटांभोवती ती ऊब हळूहळू दाटायची आणि सुटायची. लहानपणी आई हात धरून रस्ता ओलांडायची, तेव्हा तिचा तळवा असाच असायचा. मला भीती वाटायला हवी होती. मला रडू यायचं.

आणि मग एका सकाळी बाटलीतलं पाणी गुलाबी दिसलं.

फिकट होतं, पण होतं. नियम मला पाठ होता, माझाच होता. मी पंपाच्या खटक्यापर्यंत हात नेला आणि खाली घेतला. नुसत्या बुचानं तिचे काय हाल झाले होते, ते मी ऐकलं होतं. मी बाटली कोपऱ्यातून उचलली आणि जंतूंच्या थाळ्यांच्या रांगेमागे ठेवली, तिथे ती बाहेरून दिसत नव्हती. सगळ्यांना सांगितलं की बाटली जुनी झाली, नवी मागवलीय.

पुढे पाणी रोज थोडं जास्त गुलाबी होत गेलं आणि मॅडमचे जंतू मरू लागले. आधी एका थाळीतले, मग शेजारच्या. मॅडम थाळी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहायच्या. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की तुमच्या हाताखाली असं कधी झालं नाही हो. त्यांचं अर्धं आयुष्य माझ्या डोळ्यांदेखत नासत होतं आणि ते थांबवणं माझ्या एका बोटाचं काम होतं. मी ते बोट उचललं नाही. उद्या पुन्हा तशी वेळ आली तरी उचलणार नाही.

कारण घरी आकडा वर चढत होता. जसजसं पाणी गुलाबी होत होतं, तसतशी आई बरी दिसत होती. डॉक्टर म्हणाले की असं कधीकधी दिसतं, फार आशा धरू नका. आम्ही धरली. दादा गुणगुणायला लागला. एके दिवशी सकाळी आई उठून बसली आणि म्हणाली, केस विंचरून दे, वेणी घाल, किती दिवसांत डोक्याला हात लागला नाही कुणाचा. मी प्रयोगशाळेत कळवलं की आज दुपारनंतर येते. तंतोतंतांनी फोनवर सांगितलं की काळजी करू नका ताई, पेटी मी बघतो.

मी तिच्या मागे बसले. केस फार विरळ झाले होते. ती मला दादाच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होती आणि वाक्य पुरं करायला मध्ये थांबत नव्हती. दादा नुकताच कामावरून येऊन आतल्या खोलीत आडवा झाला होता. मशीन घरघरत होतं. मी वेणीचे तीन पेड केले.

आई बोलता बोलता थांबली.

मी वाकून पाहिलं. तिचे गाल आत गेले होते. गळ्याखालचा खळगा आत गेला. मग फासळ्यांच्या मधली कातडी, सगळीकडून एकसारखी, आत आत ओढली जात राहिली. ती श्वास सोडत नव्हती. तो काढून घेतला जात होता.

भिंती अशा आत जाताना मी आधी पाहिल्या होत्या.

फोन हातात घेऊन मी तंतोतंतांना लावला. रिंग वाजत होती. मी दादाला हाक मारली. तो धावत आला, नळी तपासू लागला, मशीन हलवू लागला.

मग आईची छाती भरली. हळूहळू, सावकाश, झडप जपून उघडावी तशी. इतकी भरलेली ती कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. दादा म्हणाला, आला, आला श्वास. बोटावरचा आकडा खाली घसरत होता.

फोन वाजत राहिला. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

दुसऱ्यांदा छाती आत गेली. दुसऱ्यांदा भरली.

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी मोकळा होता. कपाळावरची आठी, जी आजारपणात एकदाही गेली नव्हती, ती गेली होती.

"छान वाटतंय गं," ती म्हणाली. "आता काही त्रास नाही."

मी तिला उचलायला गेले. बाहेर न्यायचं एवढंच डोक्यात होतं, उघड्यावर, हवेत. दादानं मला धरलं. ओरडला, अगं काय करतेस, तिला बरं वाटतंय. मी रिंग ऐकत होते. ती थांबली की पुन्हा लावत होते.

तीनदा धुतात. मीच शिकवलं होतं.

तिसऱ्यांदा भरलेली छाती तशीच राहिली. अर्धी वेणी माझ्या हातात होती.

सगळं आटोपल्यावर मी कामावर गेले. खोलीत उजेड होता, पेटीच्या भिंती ताठ होत्या. बाटली तिच्या जागेवर, डाव्या कोपऱ्यात होती आणि आतलं पाणी पाण्यासारखं होतं. उरलेले जंतू जगले होते. मॅडमनी मला जवळ घेतलं. त्या गेल्यावर तंतोतंत माझ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. डोळे लाल होते. म्हणाले की ताई, नवी बाटली येईपर्यंत थांबवेना, जुनी शोधून काढली तर गुलाबी. तुमचे फोन नंतर पाहिले, पण झडपेवर हात होता. आधी धुतलं, मग विचारायला फोन केला, तर तुमच्या भावानं उचलला.

त्यांच्यावर रागावायला मला जागाच नव्हती. बरोबर केलंत, मी म्हणाले.

ते तरी जाईनात. डाव्या मोज्याचं काही कळलं नाही, म्हणाले. धुताना सगळी पेटी चपटी झाली, उजवा मोजा आत ओढला गेला, डावा मात्र फुगून बाहेर उभाच राहिला, तिन्ही वेळा. संशय आला म्हणून नियमाप्रमाणे उतरवून, तोंडाशी गाठ मारून तुमच्या खणात ठेवलाय. तुम्हीच बघा.

ते गेल्यावर मी खण उघडला. मोजा कागदांवर निजला होता. चार बोटं भरलेली होती, करंगळी वाकायला लागली होती. रबर कितीही चांगलं असो, हवा ते कायमची धरून ठेवू शकत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? कशातही ठेवला, काहीही चिकटवलं, तरी तो थोडाथोडा उतरत जाणार होता. हा टिकेल, आई म्हणाली होती.

मी तो दोन्ही हातांत घेतला. कोमट होता. आई करायची तसे डोळे मिटले आणि गालाला लावला. अंगठ्याच्या बुडाशी भोक होतं. डोळ्याला दिसलं नसतं, पण गालाला कळलं. बारीक झुळूक आली.

गळती असली की हवा एकसारखी येत राहते. ही आली आणि थांबली.

मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं माझ्या कानापुढची बट गालावरून सरकली आणि हळूच रबराकडे ओढली गेली.